आधी वर्ड सोडा, मग विंडोज

सप्रेम नमस्कार,

मी घरून अनुवादाची कामं करते. माझा लॅपटॉप २०१७ चा आहे. सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क. सुरू व्हायला वेळ घेतो, बाकी ठणठणीत. विंडोज १० ची मुदत संपल्याचा निरोप पडद्यावर येतो आणि हा लॅपटॉप विंडोज ११ साठी पात्र नाही, असंही तोच सांगतो. मुलगी म्हणते, "आई, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टीम टाकू या, रविवारी दोन तासांत होऊन जाईल." दीर म्हणतात, ते इंजिनीयर मंडळींचं खेळणं आहे, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करत बसावं लागतं, त्यापेक्षा सरळ नवा लॅपटॉप घ्या.

माझं काम दिवसभर वर्डमध्ये चालतं. संपादकांकडून ट्रॅक चेंजेस (बदलांच्या खुणा) केलेल्या फायली येतात, तशाच परत पाठवाव्या लागतात. मराठी टायपिंग मी इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीने करते. काही जुनी कामं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. एका ग्राहकासाठी वर्षातून दोन-तीनदा ट्रॅडॉस हे अनुवादाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. प्रिंटर-स्कॅनर आहे. मिस्टर याच लॅपटॉपवर बातम्या वाचतात आणि व्हिडिओ कॉल करतात. मी लिनक्सवर जावं का? कुठलं घ्यावं? व्हायरसचं काय? आणि नाहीच जमलं तर परत येता येईल का?

— एक अनुवादक

नमस्कार,

जा, पण येत्या रविवारी नको.

मुलीचा अंदाज चुकीचा नाही. मिंट बसवायला दोन तासही लागत नाहीत. पण त्या दोन तासांत बदलते ती ऑपरेटिंग सिस्टीम. तुमचं काम वर्डमध्ये आहे, टायपिंगच्या सवयीत आहे, ट्रॅडॉसमध्ये आहे आणि ते रविवारी दुपारी आपोआप इकडून तिकडे जात नाही. लिनक्स टाकून पंधरा दिवसांत परत फिरणारी जी माणसं असतात, त्यांना बहुतेक वेळा लिनक्सने त्रास दिलेला नसतो. एकाच दिवशी ब्राउझर, ऑफिस, फॉन्ट, कीबोर्ड आणि फायली ठेवायच्या जागा असं सगळंच बदललं आणि त्यात सोमवारी काम द्यायचं होतं, हे त्यांचं दुखणं असतं.

म्हणून माझा सल्ला क्रम उलटा करण्याचा आहे. विंडोज आहे तिथेच राहू द्या आणि प्रोग्रॅम आधी बदला. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने हेच केलं. त्यांनी २००५ च्या सुमारास विंडोजवरच ओपनऑफिस हा मोफत ऑफिस-संच आणला, पुढच्या वर्षी फायरफॉक्स ब्राउझर आणि मेलसाठी थंडरबर्ड आणले आणि २००८ पासून खालची सिस्टीम बदलून उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती बसवायला घेतली. तोपर्यंत रोजचे प्रोग्रॅम सवयीचे झाले होते. हजारो संगणकांच्या दलाला जे शहाणपण सुचलं, ते एका लॅपटॉपच्या घरालाही चालेल.

घाई किती करायची, तेही सांगतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे लॅपटॉप बंद पडणार नाही. नव्याने सापडणाऱ्या सुरक्षेच्या भोकांवर ठिगळं मिळणं थांबलं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव सुरक्षा अपडेट्सची एक योजना दिली आहे, तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. नोंदणी केली नसेल तर अपडेटच्या पानावर जाऊन पाहा आणि तेवढ्या काळात शांतपणे बदल करा. तुमच्या प्रोसेसरला विंडोज ११ नाकारतं, कारण इंटेलच्या बाबतीत त्यांची यादी, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. ही अट चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्या फिरत असतात. त्या चालतात, पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या लॅपटॉपवर पोट आहे त्यावर मी ते करणार नाही.

आता तुमच्या कामाकडे.

विंडोजवरच लिबरऑफिस हा वर्डची जागा घेणारा मोफत प्रोग्रॅम उतरवून घ्या. मिंटमध्ये हाच प्रोग्रॅम आधीपासून बसवलेला मिळतो, त्यामुळे इथे जडलेली सवय तिथे तशीच कामी येते. मग तुमच्या जुन्या, पूर्ण झालेल्या कामांतली सगळ्यात किचकट फाइल निवडा. ट्रॅक चेंजेस, समासातल्या टिप्पण्या, तळटीपा, तक्ते असं सगळं जिच्यात आहे ती. तिची प्रत करा, प्रत लिबरऑफिसच्या रायटरमध्ये उघडा, चार बदल करा, पुन्हा वर्डच्याच स्वरूपात साठवा आणि मग वर्डमध्ये उघडून पाहा. साध्या मजकुरात बदलांच्या खुणा आणि टिप्पण्या सहसा नीट जातात-येतात. गडबड होते ती मांडणीत. चौकटीत बसवलेला मजकूर, चित्राभोवती वळवलेल्या ओळी, गुंतागुंतीचे क्रमांक, मॅक्रो हे सगळं संशयाने बघा. तुमचं काम मुख्यतः सलग मजकुराचं असेल तर निभावेल असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर जाऊ नका. तुमच्या स्वतःच्या फाइलवर करून पाहिलेली चाचणी माझ्या शब्दापेक्षा खरी.

रायटरमध्ये मराठी लिहिणाऱ्याला एक गोष्ट हमखास चकवते. तो प्रोग्रॅम रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळे लक्षात ठेवतो. शैलीमध्ये फॉन्ट बदलला तरी मराठी मजकूर ढिम्म हलत नाही आणि माणूस वैतागतो. पर्यायांमधल्या भाषेच्या विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करा, तिथेच मराठी निवडा, मग परिच्छेदाच्या शैलीत देवनागरीसाठी वेगळी जागा दिसू लागते. तिथे फॉन्ट आणि आकार एकदा ठरवून टाका. हे एवढं माहीत नसल्यामुळे 'लिबरऑफिसला मराठी येत नाही' असा निष्कर्ष काढून बसलेले लोक कमी नाहीत.

फॉन्टचा दुसरा मुद्दा पानांच्या हिशेबाचा. विंडोजवरच्या मराठी फायलींत बहुधा मंगल किंवा निर्मला हे फॉन्ट असतात आणि ते लिनक्सबरोबर येत नाहीत. फाइल उघडेल, मजकूर वाचता येईल, पण लोहित किंवा नोटो यांसारखा दुसरा देवनागरी फॉन्ट त्या जागी बसेल आणि ओळी सरकतील. रोमन लिपीत ही अडचण बरीच कमी आहे, कारण एरियल आणि टाइम्स न्यू रोमन यांच्या जागी लिबरेशन, कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो असे अक्षरांची रुंदी तंतोतंत जुळणारे फॉन्ट आहेत. देवनागरीसाठी तसं जुळवून केलेलं नाही. तुम्ही शब्दांवर मानधन घेत असाल तर याचं काही वाटून घेऊ नका. पानांवर घेत असाल, किंवा मांडणीसकट फाइल द्यायची असेल, तर आत्तापासून नोटो सान्स देवनागरीसारखा मोफत फॉन्ट विंडोजवरही बसवा आणि त्यातच काम करा. मग सिस्टीम कुठलीही असो, पान तेच राहील. फक्त समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर त्याच्या पडद्यावर पुन्हा अदलाबदल होणार, म्हणून अंतिम प्रत पीडीएफसह पाठवा.

टायपिंगची काळजी सोडा. इनस्क्रिप्ट येत असेल तर तुमचं काम सगळ्यात सोपं, कारण लिनक्सच्या कीबोर्ड मांडणीत सुधारित मराठी इनस्क्रिप्ट आधीच असतं. यादीत जाऊन निवडायचं, बस. बोटं कळ शोधणार नाहीत. अडचण येते ती रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना, त्यांना आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्यासोबतचा एम-१७-एन हा टायपिंग पद्धतींचा संच घ्यावा लागतो. त्यात आयट्रान्स, गमभन, मिंग्लिश अशा पद्धती मिळतात, पण विंडोजवरच्या सवयीशी त्या अक्षर न् अक्षर जुळतीलच असं नाही. तुमच्या मुलीला मराठी उच्चारानुसार लिहायची सवय असेल तर हा भाग तिला सांगा.

युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या जुन्या फायलींचं दुखणं लिनक्सचं नाही, ते विंडोजवरही होतंच. तो जुना फॉन्ट लिनक्सवर नेऊन बसवला की फाइल पूर्वीसारखी दिसते. मात्र त्या फॉन्टमध्ये नव्याने टाइप करण्यासाठी जो कीबोर्ड प्रोग्रॅम लागायचा तो बहुतेक वेळा फक्त विंडोजचा असतो. म्हणून ज्या जुन्या कामांना पुन्हा हात लागण्याची शक्यता आहे, ती विंडोज हाताशी आहे तोवर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. रूपांतरानंतर रफार, पोटफोड्या ष आणि जोडाक्षरं डोळ्याखालून घाला. घाण तिथेच राहते. बाकीच्या फायलींच्या पीडीएफ काढून ठेवल्या तरी पुरे.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे. ट्रॅडॉस.

ते फक्त विंडोजवर चालतं. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं वाइन नावाचं साधन आहे आणि काही प्रोग्रॅम त्यावर सुरेख चालतात, पण इतक्या अवजड आणि परवान्याने बांधलेल्या प्रोग्रॅमसाठी वाइनच्या भरवशावर मुदतीचं काम घेणं म्हणजे स्वतःहून पायावर धोंडा पाडून घेणं. लिनक्सच्या आत विंडोजचा आभासी संगणक चालवता येतो, मात्र ८ जीबी रॅममध्ये दोघांनाही दम लागेल. हे काम दर आठवड्याला असतं तर मी दिरांच्या बाजूने उभा राहिलो असतो आणि विंडोज ११ चा लॅपटॉप घ्या म्हटलं असतं. वर्षातून दोन-तीनदाच असेल, तर लॅपटॉपवर विंडोज शेजारी ठेवा आणि फक्त त्या कामासाठी तिकडे जा. तिथे ना ब्राउझर उघडायचा, ना मेल बघायची. परवाना तपासणीपुरतं इंटरनेट जोडायचं आणि फायली पेन ड्राइव्हने न्यायच्या-आणायच्या.

आणि त्या ग्राहकाला एकदा विचारून तर बघा. अनेकदा त्यांना ट्रॅडॉस हवं नसतं, त्यातून निघणारी फाइल हवी असते. एक्सलिफ या अनुवादासाठीच्या खुल्या स्वरूपातली साधी फाइल चालणार असेल तर ओमेगाटी हा अनुवादाचा मोफत प्रोग्रॅम विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतो. तुमची साठलेली अनुवाद-स्मृती, म्हणजे आधीच्या अनुवादांचा साठा, ट्रॅडॉसमधून टीएमएक्स या सर्वसामान्य स्वरूपात काढून घ्या, ती ओमेगाटी वाचतं. खरं तर ग्राहक काही म्हणो, टीएमएक्सची प्रत आजच काढून ठेवा. इतक्या वर्षांची मेहनत एकाच कंपनीच्या स्वरूपात कोंडून ठेवणं बरं नाही.

हे सगळं करून पाहायला सहा-आठ आठवडे द्या. रोजचं काम लिबरऑफिसमध्ये, ब्राउझर फायरफॉक्स, मेल थंडरबर्डमध्ये. यात अडत नाही असं दिसलं की विंडोज बदलणं ही किरकोळ बाब उरते. अडलं, तर लॅपटॉपला हात न लावता ते कळलं, हेही काही कमी नाही.

कुठलं लिनक्स घ्यावं, यावर लोक जितका वेळ वादात घालवतात तितका वेळ त्या प्रश्नाला देण्याची गरज नाही. मुलगी म्हणते ते बरोबर आहे: लिनक्स मिंट, त्यातली सिनॅमन आवृत्ती. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, त्यामुळे विंडोजवरून येणाऱ्याला बिचकायला होत नाही. मिंट २००६ पासून आहे, उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांवर उभं आहे आणि २२ या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळणार आहेत. २ जीबी रॅमवर चालू शकतं, ४ जीबी असली तर बरं असं ते स्वतः सांगतात. तुमच्याकडे दुप्पट आहे. यांच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात आणि ती सगळी 'आ'कारान्त, विल्मा, शिया, झारा. त्यामुळे मंडळी 'मी झारा टाकली' असं बोलताना ऐकलंत तर दचकू नका. दिसायला आणखी विंडोजसारखं हवं असेल तर झोरिन हे दुसरं लिनक्स आहे. खुद्द उबुंटूही उत्तम आहे, फक्त त्याचा पडदा वेगळ्या वळणाचा आहे. फेडोरा चांगलं, पण त्याची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिन्यांत म्हातारी होते, तुम्हाला तो फेरा नको. आणि व्हिडिओत काळ्या पार्श्वभूमीवर ड्रॅगन दाखवून कोणी काली लिनक्स सुचवलं तर तो व्हिडिओ बंद करा. ते सुरक्षा तपासणाऱ्यांचं हत्यार आहे, रोजच्या वापराची सिस्टीम नव्हे.

बसवण्याआधी लॅपटॉप मिंटला पसंत आहे का, ते पाहता येतं, आणि लिनक्सची ही सोय मला फार आवडते. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंट चढवायचं, त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा आणि डिस्कला स्पर्शही न करता पूर्ण सिस्टीम वापरून बघायची. पेन ड्राइव्हवरून ती हळू चालणार, तिच्या वेगावरून मत बनवू नका. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, ब्लूटूथ जोडलं जातं का, उजेड कमी-जास्त होतो का ते पाहा. झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. लॅपटॉप नीट जागा होतो का, ही तपासणी लोक विसरतात आणि नंतर रोज कुरकुरतात. प्रिंटरवर एक पान छापा, एक पान स्कॅन करा. गेल्या काही वर्षांतले वाय-फायचे प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय आपोआप सापडतात. त्रास देतात ते केवळ विंडोजच्या ड्रायव्हरवर विसंबलेले काही जुने लेसर. बोटाच्या ठशाचा वाचक असेल तर तो चालेलच याची खात्री धरू नका. वाय-फाय दिसलं नाही तर लगेच निराशही होऊ नका, काही चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून तो मिळतो. तेवढ्यापुरता फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट वापरा.

मिंट त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा आणि तिथे दिलेला, फाइल अस्सल आहे का ते ओळखायचा एसएचए-२५६ आकडा आपल्या फाइलच्या आकड्याशी जुळतो का, हे मुलीला तपासायला सांगा. ही नुसती शिस्त नव्हे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचंच संकेतस्थळ कोणीतरी फोडलं आणि डाउनलोडचा दुवा मागचं दार ठेवलेल्या बनावट प्रतीकडे वळवला होता. मिंटवाल्यांनी लगेच जाहीरपणे सांगितलं, दुवा काढला. पण त्या दिवशी उतरवणाऱ्यांपैकी ज्यांनी आकडा योग्य यादीशी ताडला ते वाचले.

आता प्रत्यक्ष बसवणं. एक प्रश्न आधी: तुमची साधी फिरती हार्ड डिस्क अजून तीच आहे ना? लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागतो त्याचं मुख्य कारण तीच आहे, विंडोज नव्हे. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवल्याने जो फरक पडेल तो कुठलीही सिस्टीम बदलून पडणार नाही. काही लॅपटॉपमध्ये जुन्या डिस्कशिवाय एम-२ एसएसडीसाठी वेगळी खाच असते. तुमच्यात ती असेल तर सोन्याहून पिवळं: नव्या एसएसडीवर मिंट, जुन्या डिस्कवर विंडोज जसंच्या तसं, आणि सुरू करताना कुठे जायचं ते निवडायचं. बसवताना जुनी डिस्क काढूनच ठेवली तर चुकीची जागा निवडली जाण्याची भीतीही नाही.

खाच एकच असेल तर दोन्ही एका डिस्कवर नांदवावी लागतील. आधी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते का ते पाहा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नसतो. मग विंडोजमध्येच डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते तपासा. चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि मगच पुढे जा, नाहीतर एखाद्या सकाळी विंडोज ती मागेल आणि तुम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसाल. 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, कारण ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मिंटला त्या भागातल्या फायली फक्त वाचता येतात. मिंटसाठी जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा, १०० जीबी तरी. बसवताना येणाऱ्या पडद्यांमध्ये एकच धोकादायक आहे, तो 'डिस्क पुसून बसवा' आणि 'विंडोजच्या शेजारी बसवा' यातली निवड करायला सांगतो. तिथे मुलीलाही घाई करू देऊ नका. शेजारी बसवण्याचा पर्यायच दिसत नसेल, किंवा डिस्कच दिसत नसेल, तर बहुधा लॅपटॉप डिस्क जोडण्याच्या इंटेलच्या आरएसटी पद्धतीवर लावलेला असतो. ती बदलल्यावर विंडोज अडू शकतं, म्हणून तिथे थांबा आणि माहीतगाराला विचारूनच पुढचं पाऊल टाका.

दोन्ही सिस्टीम शेजारी असल्या की एखादं विंडोज अपडेट लिनक्स सुरू होण्यात लुडबुड करू शकतं. ऑगस्ट २०२४ मधल्या एका सुरक्षा अपडेटने अनेकांची लिनक्सं सुरूच होईनाशी केली होती. तुमचं विंडोज वर्षातून तीनदा उघडणार असल्याने हा धोका थोडा, पण मिंटची पेन ड्राइव्ह पुसून टाकू नका, अशा वेळी तीच उपयोगी पडते. विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ काही तासांनी चुकलेलं दिसलं तर तो बिघाड नाही. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळ धरून चालतं, एवढंच.

दिरांच्या काळ्या खिडकीबद्दल. ती आहे. उघडायची गरज तुम्हाला क्वचित पडेल, कदाचित कधीच नाही. प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यायचे, अपडेट ढालीच्या चित्रावर टिचकी मारून करायचे. पण मदत शोधायला गेलात की प्रत्येकजण त्या खिडकीत टाकायच्या ओळी देतो, कारण चार पडद्यांचं वर्णन करण्यापेक्षा एक ओळ लिहिणं सोपं असतं. न कळणारी ओळ, विशेषतः पासवर्ड मागणारी, केवळ कोणी सांगितली म्हणून चिकटवू नका. लिनक्सवर व्हायरसची धास्ती विंडोजपेक्षा बरीच कमी आहे आणि वेगळा अँटिव्हायरस तुम्हाला लागणार नाही. मात्र बँकेच्या नावाने येणारी खोटी मेल किंवा ब्राउझरमधली फसवी खिडकी सिस्टीम बघून येत नाही, आणि मशीनला आतून भोक पाडण्याचा हमखास मार्ग म्हणजे अशी उसनी ओळ. त्याच कारणासाठी इकडून तिकडून फाइल उतरवून प्रोग्रॅम बसवण्याची विंडोजची सवयही मागे सोडा.

पहिल्याच दिवशी मिंटमधलं टाइमशिफ्ट हे साधन चालू करा. एखाद्या अपडेटने सिस्टीम बिघडली तर ते तिला आदल्या दिवसाच्या अवस्थेत नेऊन ठेवतं. पण ते सिस्टीमच्या फायली जपतं, तुमच्या नाही. अनुवादाच्या फायलींचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागेल आणि तो लॅपटॉपच्या बाहेर. ग्राहकांचे गोपनीय कागद असतील तर बसवताना होम फोल्डर कूटबद्ध करण्याचा पर्याय येतो, तो घ्या. तो पासवर्ड विसरलात तर मात्र त्या फायली कोणीही परत मिळवून देऊ शकत नाही.

मिस्टरांची चिंताच नको. ज्याचं सगळं ब्राउझरमध्ये चालतं त्याला सिस्टीम बदलल्याचं फारसं जाणवत नाही. त्यांना त्यांचं वेगळं खातं करून द्या, म्हणजे तुमच्या फायलींमध्ये कोणाचा चुकून हात जाणार नाही आणि डेस्कटॉपवर कोणाचं काय, हा वादही मिटेल.

राहता राहिला परतीचा प्रश्न. विंडोज शेजारी ठेवलंत तर परत येण्यासाठी काही करावंच लागत नाही. पुढे कधी पूर्ण पुसून पुन्हा विंडोज टाकायची वेळ आली तर, लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोज १० चा परवाना त्या मशीनशीच बांधलेला असतो. तीच आवृत्ती बसवून इंटरनेट जोडलं की ते सहसा स्वतःहून सक्रिय होतं, प्रॉडक्ट की शोधत बसावी लागत नाही. त्यासाठीची पेन ड्राइव्ह मात्र मिंट बसवण्याआधी, विंडोज चालू असतानाच मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवून ठेवा आणि तिच्यावर नाव लिहा, कारण घरात दोन सारख्या पेन ड्राइव्ह असतील आणि त्यातली एक मिंटची असेल.